'बीट अराउंड द बुश'ला मराठीत एकच शब्द का पुरत नाही

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही इंग्रजी मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहायला नुकती सुरुवात केली आहे. एकाच मालिकेत 'स्टॉप बीटिंग अराउंड द बुश' हे वाक्य तीनदा आलं. एकदा बायको नवऱ्याला म्हणते. त्याची नोकरी गेली आहे आणि ते सांगायचं सोडून तो घराच्या गळक्या छपराबद्दल बोलतोय. एकदा पोलीस अधिकारी संशयिताला म्हणतो. आणि एकदा ऑफिसातल्या मॅडम हाताखालच्या मुलाला म्हणतात, कारण चार दिवसांची रजा मागायला त्याने पाच मिनिटांची प्रस्तावना लावली आहे. तुम्ही तिन्ही ठिकाणी 'उगाच आढेवेढे घेऊ नकोस' लिहिलंत. तपासणाऱ्यांनी पहिलं ठेवलं आणि बाकीची दोन 'प्रसंगाशी जुळत नाही' असा शेरा मारून परत पाठवली. तुमचं म्हणणं, शब्दकोशात तर हाच अर्थ दिलाय, मग चुकलं कुठे?

अर्थ समजण्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. मुद्द्यावर न येता त्याच्या आजूबाजूचं बोलत राहणं, एवढाच त्या वाक्प्रचाराचा अर्थ. अडचण पुढे आहे. इंग्रजी वाक्प्रचार माणूस काय करतोय तेवढं सांगतो, का करतोय ते सांगत नाही. लाजेने, भीतीने, लबाडीने, की मुळात बोलण्याची सवयच तशी म्हणून, हे सगळं तो मोकळं सोडतो. मराठीत या कामासाठी डझनभर शब्द आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात कारण बसलेलं आहे. म्हणून मराठी शब्द उचलला की तुम्ही बोलणाऱ्याच्या मनाबद्दलही काहीतरी म्हणून जाता, तुमच्या इच्छेने किंवा नकळत. तुमची दोन वाक्यं तिथे अडकली. मी सव्वीस वर्षं भाषांतर आणि दुभाषाचं काम करते आहे, आणि हा धडा मला फार वाईट प्रसंगातून मिळाला. तो पुढे सांगते.

आधी वाक्प्रचार कुठून आला ते पाहू, कारण चित्र डोळ्यांसमोर असलं की निवड सोपी जाते. हा शब्द शिकारीतला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या शिकारीला काही माणसं नुसती काठ्या घेऊन जात. त्यांचं काम झुडपं बडवून पक्षी उठवायचे. जाळं धरून बसलेले ते पकडायचे. १४४०च्या सुमाराच्या एका इंग्रजी पद्यकथेत 'कुणी झुडूप बडवतो, पक्षी दुसराच धरतो' अशा अर्थाची ओळ आहे, आणि ही जुनीच म्हण असल्याचं तिथेच म्हटलं आहे. म्हणजे आरंभी या शब्दांचा बोलण्याशी संबंधच नव्हता. 'कष्ट एकाचे, फळ दुसऱ्याला' असा त्याचा रोख होता. आपल्या 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं'च्या जवळचा. १५४६ साली जॉन हेवूड यांनी इंग्रजी म्हणी पद्यात गुंफल्या, त्यात 'मी इथे चर्चा करत, झुडूप बडवत बसेन आणि दुसरेच येऊन पक्षी नेतील' अशा अर्थाची ओळ येते. इथे बडवणं आणि बोलणं पहिल्यांदा शेजारी बसलेलं मला दिसतं. हळूहळू पक्षी नेणारा दुसरा माणूस गळून पडला आणि झुडपाभोवती घुटमळणारा तेवढा उरला. ब्रिटिश लोक 'अबाउट द बुश' म्हणतात, अमेरिकन 'अराउंड'. अर्थ एकच.

आपल्याकडेही अशी शिकार होती. रानात हाका घालायचे, हाकारे डबे-ढोल बडवत निघायचे आणि जनावर मचाणाकडे रेटायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे थांबलं. पण मला कायम कुतूहल वाटतं ते याचं, की हीच हालचाल मराठीने अगदी वेगळ्या कामाला लावली. आपण 'रान उठवणं' म्हणतो ते एखाद्याविरुद्ध चहूबाजूंनी ओरड करण्याला. माझ्या मते तो शब्द हाक्यातूनच आला असावा. म्हणजे झुडूप बडवण्यात इंग्रजांना रेंगाळणं दिसलं आणि आपल्याला गलका ऐकू आला. एवढ्यासाठीच 'झुडपाभोवती फिरू नकोस' असं शब्दशः लिहिलेलं मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं करत नाही. यंत्राने केलेल्या भाषांतरात हे हमखास सापडतं.

आता आपले शब्द. सगळे घेत नाही, ज्यांत गल्लत होते तेवढेच.

'आढेवेढे घेणं' हा शब्द तुम्ही वापरलात. याला आधी कुणीतरी काहीतरी मागितलेलं किंवा विचारलेलं लागतं. गाणं म्हण म्हटलं की घसा बसलाय, पेटी नाही, सराव नाही. जेवायला बसा म्हटलं की आत्ताच खाऊन निघालो. आढेवेढे घेणारा नकार देत नाही, पण लगेच होकारही देत नाही, आणि पुष्कळदा त्याला आग्रह हवा असतो. पोलीस ठाण्यात बसलेला संशयित आग्रहाची वाट बघत नसतो. तिथे तो शब्द ऐकला की पंगतीतला पाहुणा आठवतो, म्हणून तपासणाऱ्यांना खटकलं. त्यांचं बरोबर आहे.

'उडवाउडवीची उत्तरं देणं' यात प्रश्न विचारला गेला आहे, उत्तर ठाऊक आहे आणि द्यायचं नाही. हा आरोप आहे. समोरचा काहीतरी दडवतोय असं म्हटल्याशिवाय हा शब्द तोंडातून निघत नाही. 'बगल देणं' त्याचाच सभ्य कपड्यातला भाऊ. मंत्र्यांनी प्रश्नाला बगल दिली असं वर्तमानपत्रात रोज येतं. 'फाटे फोडणं' वेगळं. सोसायटीच्या बैठकीत विषय पाण्याच्या टाकीचा, आणि कुणी मध्येच पार्किंगचं काढतो, तिथून वॉचमनच्या पगाराचं. तो मुद्दा टाळतो असं नाही, मुद्द्याला फांद्या काढून त्याचं झाड करतो.

'नमनाला घडाभर तेल' मला फार आवडते. रात्रीचे खेळ मशाली आणि दिव्यांवर चालायचे तेव्हाची ही म्हण. देवाच्या नमनातच घडाभर तेल जळलं तर सोंगं यायच्या वेळी उजेड कुठून आणायचा? यात लबाडी नाही, भीती नाही. सुरुवात लांबली, एवढीच तक्रार. 'पाल्हाळ', 'गुऱ्हाळ', 'चऱ्हाट' हे त्याच घरातले. यांत बोलणाऱ्याला थांबायचं कळत नाही.

आणि 'ताकाला जाऊन भांडं लपवणं'. शाळेत 'बीट अबाउट द बुश'च्या समोर हीच म्हण लिहून देतात, आणि ती खरोखर जवळची आहे, पण तिचा जीव कशात आहे ते आता बऱ्याच जणांना पाहायला मिळत नाही, म्हणून जरा थांबते. आमच्या आजीकडे दोन म्हशी होत्या. एक दिवसाआड पहाटे ताक व्हायचं. ताक विकायची पद्धत नव्हती. शेजारपाजारी न्यायचे, आणि नेणाऱ्याला ते मागणं जड जायचं, कारण बदल्यात द्यायला काही नसे. शेजारची एक काकू यायची. पदराखाली तांब्या. ओट्याच्या कडेला टेकून ती पावसाचं बोलायची, रेडकाच्या पायाचं विचारायची, मुलीच्या सासरचं सांगायची. हात हलला की बांगडी तांब्यावर आपटून बारीक आवाज व्हायचा आणि ती हात घट्ट धरायची. आजीला तो आवाज पहिल्यांदाच ऐकू आलेला असायचा. पण ती लगेच बोलायची नाही. रेडकाचं सगळं सांगून व्हायचं, मग म्हणायची, "अगं, डेऱ्यात ताक उरलंय, आंबून जाईल, घेऊन जा बरं थोडं." तांब्या पदराबाहेर यायचा.

या म्हणीतल्या बाईला फसवायचं नाही. तिला गरज आहे आणि गरज सांगायची लाज आहे. म्हणून ही म्हण मी तेव्हाच वापरते जेव्हा माणूस स्वतः काहीतरी मागायला आला आहे आणि मागत नाही. उसने पैसे, ओळखीचं पत्र, मुलीसाठी स्थळ. मागणंच नसेल तिथे ती बसत नाही. आणि ज्याच्याबद्दल वापरायची तो परका किंवा वयाने मोठा असेल तर तोंडावर म्हणताना फार जपायला लागतं, कारण तुम्ही त्याची लाज सगळ्यांसमोर उघडी करता. जवळच्या मित्राला हसत म्हणता येते.

एक इशारा. 'लेकी बोले सुने लागे' हीदेखील काही जण या यादीत घालतात. ती घालू नका. तिथे बोलणं आडून असतं, पण मुद्दा अजिबात टाळलेला नसतो. तो जिथे लागायचा तिथे बरोबर लागतो.

आता तो प्रसंग. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका अपघाती विमा दाव्याच्या चौकशीत मी दुभाषा होते. चौकशी अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हतं. समोर साठीच्या पुढच्या एक बाई. त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून जाताना गेला होता. प्रश्न साधा होता: मुलगा घरातून किती वाजता निघाला? बाई म्हणाल्या, "त्या दिवशी आमची गाय व्यायली." मग गाय कशी अडली, शेजाऱ्याला कसं बोलावलं, खरवसासाठी चीक कसा वेगळा ठेवला, असं सांगत राहिल्या. मी सगळं इंग्रजीत सांगत होते. अधिकारी तीन-चार मिनिटं ऐकून मला म्हणाले, त्यांना सांगा, बीट अराउंड द बुश करू नका.

मी म्हटलं, "मावशी, उडवाउडवीची उत्तरं देऊ नका."

त्या एकदम गप्प झाल्या. पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी कशापायी खोटं बोलू, बाई? माझा पोर गेलाय."

अधिकारी खोटेपणाचं काहीच बोलले नव्हते. त्यांच्या वाक्यात फक्त कंटाळा होता. आरोप माझ्या शब्दाने घातला. मी चूक झाल्याचं दोघांनाही सांगितलं, बाईंची माफी मागितली आणि म्हटलं, "साहेबांना फक्त वेळ हवी आहे. तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा." त्यांनी पुन्हा गायीपासूनच सुरुवात केली. वासरू उभं राहिलं तेव्हा दूध गोळा करणारी गाडी चौकात आली होती, तिचा भोंगा ऐकला, आणि मुलगा त्या गाडीला वाट देऊन मग निघाला. गाडी रोज साडेसहाला यायची, हे डेअरीच्या नोंदवहीत सापडणार होतं. त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं. गाय व्यायली तीच त्यांची वेळ होती. ज्याला आम्ही दोघं वळसा समजत होतो ते सरळ उत्तर होतं.

त्या दिवशी मी "मावशी, वेळेचं तेवढं सांगा" एवढंच म्हणायला हवं होतं. वाक्प्रचाराच्या जागी वाक्प्रचार घालण्याची काहीच गरज नव्हती. तेव्हापासून माझी रीत अशी: कारण दिसत असेल तर कारणाला धरून शब्द, कारण दिसत नसेल तर साधं वाक्य. 'मुद्द्याचं बोला', 'सरळ सांगा', 'काय ते सांगून टाका', यांत कुणाच्या हेतूवर बोट नाही. इंग्रजी वाक्प्रचाराइतकेच हे मोकळे आहेत. भाषांतरात वाक्प्रचार हरवला तर हरवू द्या. माणसाची पत त्यात जायला नको.

इतर भाषांतही चित्र बदललं की कारण बदलतं, हे बघण्यासारखं आहे. जर्मन माणूस गरम लापशीभोवती घुटमळणाऱ्या मांजराचं चित्र काढतो: हवं आहे पण तोंड भाजेल. त्यात भीती आली. इटालियन लोक कुत्र्याला खळ्यात गोल फिरवतात. त्यात नुसता वेळकाढूपणा. फ्रेंच भांड्याभोवती फिरतात, म्हणजे भांडं त्यांच्याकडेही आहे, फक्त ते लपवत नाहीत. तुम्हाला कधी फ्रेंच किंवा जर्मन मालिकेवरून काम करायची वेळ आली आणि मधल्या इंग्रजी उपशीर्षकांत 'बीट अराउंड' दिसलं, तर मूळ भाषेत काय आहे हे एकदा विचारून घ्या.

उपशीर्षकांपुरत्या दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतात. पहिली जागा. जास्तीत जास्त दोन ओळी आणि वाचायला दोन-तीन सेकंद, त्यात लांबलचक म्हण वाचून होत नाही. 'ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?' जेमतेम मावेल. 'नमनालाच घडाभर तेल' छान मावेल. दुसरी गोष्ट म्हणजे बोलणारं तोंड. शिकागोच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडी ताक आणि तांब्या आला की प्रेक्षक त्या खोलीतून उठून आमच्या आजीच्या ओट्यावर जातो. मला ते चालत नाही. संपूर्ण डबिंग केलेल्या मुलांच्या कार्टूनमध्ये चालेल, कारण तिथे पात्रंच मराठी झालेली असतात. मूळ आवाज ऐकू येत असताना नाही. यावर माझ्याच क्षेत्रातल्या काहींचं मत उलट आहे, त्यांना म्हणी जिवंत राहाव्यात असं वाटतं. मलाही वाटतं. पण त्या जिथल्या आहेत तिथे राहाव्यात. 'उडवाउडवी', 'पाल्हाळ', 'प्रस्तावना' हे शब्द कुठल्याही देशात खपतात, त्यांच्या अंगाला शेणाचा वास नाही.

दोन शेजारच्या वाक्प्रचारांपासूनही सावध राहा. अमेरिकन इंग्रजीत 'बीट द बुशेस' असं, मधल्या 'अराउंड'शिवाय आलं, तर अर्थ उलटा होतो: रान पालथं घालून शोधणं. त्यात टाळाटाळ अजिबात नाही. आणि हातातला एक पक्षी झुडपातल्या दोनांपेक्षा बरा, ही म्हण झुडूप तेच असलं तरी निराळ्या विषयाची आहे. तिला आपलं 'हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं' आहे.

आता तुमची तीन वाक्यं.

पोलीस अधिकारी: 'उडवाउडवी पुरे. नीट उत्तर दे.' इथे आरोप हवाच आहे, तो प्रसंगातच आहे. संशयित प्रतिष्ठित वयस्कर माणूस असेल तर 'द्या' करा. आपल्याकडचा अधिकारीही तिथे 'तुम्ही' म्हणेल आणि त्या 'तुम्ही'ची धार जास्त लागेल.

ऑफिसातल्या मॅडम: 'प्रस्तावना पुरे. काय हवंय ते सांग.' मुलगा काही मागायला आला आहे आणि मागत नाही, म्हणजे ताकाची म्हण इथे अर्थाने अगदी बसते. तरीही मी ती घालणार नाही, वर सांगितलेल्या कारणासाठी. मॅडम चिडलेल्या नसून हसत बोलत असतील तर 'नमनालाच घडाभर तेल! सांग आता' हे मात्र चालून जाईल.

आणि नवरा-बायको. तुमचं 'आढेवेढे' इथे मान्य झालं, पण मी असते तर तेही बदललं असतं. आढेवेढ्यांना आधी प्रश्न लागतो हे वर म्हटलं आहेच. नवऱ्याला अजून कुणी काही विचारलेलंच नाही. तो स्वतःहून बोलायला आला आणि तोंडाशी आलेलं गिळून छपराकडे वळला. त्यात लाज आहे, आणि बायकोला काय वाटेल याची धास्ती. मी लिहीन: 'छपराचं राहू दे. काय झालंय?' वाक्प्रचार गेला, पण छप्पर हेच त्याचं झुडूप आहे आणि बायकोने त्यावरच बोट ठेवलं.

हे अर्थात तिला नोकरी गेल्याचं माहीत नाही असं धरून. आधीच्या भागात तिने कंपनीचं पत्र वाचलेलं असेल, तर 'काय झालंय?' हा प्रश्न खोटा पडेल आणि 'छपराचं राहू दे. सांग आता' एवढंच ठेवावं लागेल. मालिका मी पाहिलेली नाही. तिला कळलेलं आहे का, तेवढं बघून ठरवा.